ट्रॅक्टरमागचं हायड्रॉलिक मोअर: पंप उघडण्याआधी पातं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थेच्या क्रिकेट मैदानासाठी पाच युनिटचं, ट्रॅक्टरनं ओढायचं जुनं हायड्रॉलिक गँग मोअर (तेलाच्या दाबावर चालणारी, एकत्र जोडलेली गवत कापायची युनिटं) घेतलंय. सकाळी सुरू केलं की गवत छान कापतं. अर्ध्या तासानं रील, म्हणजे पाती लावलेले फिरते दंडगोल, मंदावतात, तेलाच्या टाकीला हात लावता येत नाही आणि मैदानावर आडव्या लाटा उमटायला लागतात. डाव्या टोकाच्या युनिटच्या मोटरमधून तेलही गळतंय. मेकॅनिक म्हणतो पंप गेला. तर पंप बदलावा का, आणि एकूण देखभाल कशी ठेवावी?

पंप आत्ता बदलू नका. पुढे कदाचित बदलावा लागेलही, पण तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत त्याचा नंबर चौथा-पाचवा लागतो. पहिला लागतो बॉटम ब्लेडचा, म्हणजे रीलखालच्या त्या आडव्या स्थिर पात्याचा. तेल तापणं, रील मंदावणं आणि मैदानावरच्या लाटा या तुम्हाला तीन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण त्या एकाच दुखण्याच्या असण्याची शक्यता दाट आहे.

ते कसं, हे कळायला यंत्राची रचना डोक्यात हवी. पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या यंत्र फिरवणाऱ्या शाफ्टच्या, मिनिटाला ५४० फेऱ्या असतात. गिअर पंपाला एवढा वेग पुरत नाही, म्हणून मध्ये एक गिअरबॉक्स बसवून फेऱ्या तिपटीच्या आसपास वाढवतात. पंप टाकीतलं तेल ओढून पाच रीलच्या पाच मोटरांकडे ढकलतो, तेल मोटरा फिरवून फिल्टरमधून टाकीत परत येतं. लक्षात ठेवायची गोष्ट ही, की पंप फक्त तेल ढकलतो. दाब तयार होतो तो पुढे अडथळा असेल तेवढाच. रील मोकळी फिरत असेल तर दाब कमी. रील घासत फिरत असेल तर दाब वाढतो, आणि एका मर्यादेनंतर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून थोडं तेल मोटरांकडे न जाता परस्पर टाकीत पळतं. या पळालेल्या तेलानं काहीच काम केलेलं नसतं. त्याच्यातली सगळी शक्ती उष्णतेत जाते.

ही उष्णता किती, ते मोजता येतं. मिनिटाला जितके लिटर, गुणिले जितका बार दाब, भागिले ६००, की किलोवॅट मिळतात. १४० बारला मिनिटाला फक्त १० लिटर तेल रिलीफवरून जात असेल तर ती झाली २.३ किलोवॅट उष्णता. म्हणजे टाकीत दोन इमर्शन रॉड सोडून ठेवल्यासारखंच. टाकीत ६० लिटर तेल असेल आणि तेल थंड करणारा कूलर गवताच्या भुश्श्यानं बुजलेला असेल, तर साधारण पाऊण मिनिटाला एक अंश या हिशेबानं तेल तापतं. अर्ध्या तासात चाळीस अंश. तुमचा ‘अर्धा तास’ बहुधा इथून येतो.

तापलेलं तेल पातळ होतं. ४६ नंबरचं हायड्रॉलिक तेल ४० अंशांना जेवढं दाट असतं, त्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत ते ८० अंशांना येतं. पातळ तेल पंपाच्या आणि मोटरांच्या आतल्या फटींतून जास्त निसटतं, त्यामुळे रीलचा वेग पडतो. वेग पडला की लाटा. ताशी ८ किलोमीटरनं ट्रॅक्टर चालला तर सेकंदाला २.२ मीटर जमीन मागे जाते. आठ पात्यांची रील मिनिटाला १००० फेऱ्या मारत असेल तर सेकंदाला १३३ काप, म्हणजे दर १६-१७ मिलिमीटरला एक. गवताची उंचीही तेवढीच ठेवली असेल तर मैदान सपाट दिसतं. तीच रील ८०० वर आली की काप २१ मिलिमीटरवर जातात, दोन कापांच्या मध्ये गवताची उंच कड राहते आणि तिरप्या उन्हात ती प्रेक्षकांनाही दिसते. अशा वेळी ड्रायव्हरनं वेग ताशी पाच-सहावर आणला तर लाटा कमी होतात. आजचा सामना उरकायला हे ठीक आहे, दुरुस्ती म्हणून नाही.

आता तपासणी. त्यासाठी तीन वस्तू लागतील: ग्लिसरीन भरलेला ० ते २५० बारचा प्रेशर गेज, रीलच्या फेऱ्या मोजायला साधा डिजिटल टॅकोमीटर आणि लांबून तापमान दाखवणारं इन्फ्रारेड थर्मामीटर. तिन्ही मिळून नव्या पंपाच्या किमतीच्या पासंगालाही पुरणार नाहीत. गॅरेज वर्षानुवर्षं यांच्याविना चालवणारे आणि नुसत्या आवाजावरून निदान करणारे पुष्कळ आहेत. त्यांचे अंदाज बरोबरही येतात, पण चुकलेल्या अंदाजाचं बिल आपल्या नावावर फाटतं.

सर्वांत आधी पीटीओच्या फेऱ्या मोजा. डिझेल वाचवायला ड्रायव्हर इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवतो, मग पीटीओ ५४० ऐवजी ४२० वर फिरतो आणि पंप त्याच प्रमाणात कमी तेल देतो. ट्रॅक्टरच्या मीटरवर ५४० ची खूण असते, काटा तिथे हवा. तुमच्या ट्रॅक्टरला ‘५४० ई’ असेल तर तो चालेल, कारण त्यात इंजिन कमी वेगात ठेवूनही पीटीओच्या फेऱ्या तेवढ्याच मिळतात. पण आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना त्याच लिव्हरवर रिव्हर्स पीटीओही असतो. त्या खाचेला तार बांधून ठेवा. गिअर पंप एकाच दिशेनं फिरण्यासाठी बनवलेला असतो. तो उलटा फिरला की सक्शनच्या (तेल ओढून घेण्याच्या) बाजूला दाब येतो आणि शाफ्टचं सील क्षणात बाहेर येतं. ‘लॅपिंगला (पेस्टनं धार लावायला) रील उलटी फिरवायची असते, मग रिव्हर्स पीटीओ टाकू’ असं सुचवणारा हुशार माणूस प्रत्येक मैदानावर एक तरी असतो. त्याला यंत्रापासून लांब ठेवा.

मग पंपाच्या प्रेशर पोर्टला गेज लावा. फरशी झाडून घ्या, युनिट खाली टेकवा, पात्यांवर साबणाचं पाणी शिंपडा आणि रील सुरू करून गेज वाचा. वीस-पंचवीस सेकंद पुरेत. गवत कापताना गवतातला ओलावा पात्यांना वंगण देतो. कोरडी रील मिनिटभर घासली तरी धार तापून वळते. (शेडपासून मैदानापर्यंत रील फिरवतच ट्रॅक्टर नेणाऱ्यांची पातीही अशीच मरतात.) आकडा लिहून ठेवा. ट्रॅक्टर बंद करून किल्ली खिशात घाला, पाचही युनिटांचे बॉटम ब्लेड रीलपासून स्पष्ट फट दिसेल इतके लांब करा आणि पुन्हा गेज वाचा.

दाब चांगलाच उतरला, तर पाती आवळलेली होती. तिथेच तुमचा आजार संपतो. पाती लांब करूनही दाब चढाच राहिला, तर अडथळा दुसरीकडे आहे: रीलचं जाम होत आलेलं बेअरिंग, अर्धवट बसलेला क्विक कपलर (होज पाइप झटकन जोडायचा-सोडायचा सांधा) किंवा तुंबलेला रिटर्न फिल्टर. आणि दाब कमी असूनही रील मंद असेल, तेव्हा कुठे पंपावर किंवा अडकून उघड्या राहिलेल्या रिलीफ व्हॉल्व्हवर संशय घ्यायचा. इथे इन्फ्रारेड थर्मामीटर फार उपयोगी पडतो. यंत्र तापल्यावर तो रिलीफ व्हॉल्व्ह, कपलर, प्रत्येक मोटर आणि फिल्टरच्या डब्यावर धरा. शक्ती जिथे वाया जातेय ती जागा शेजारच्या भागांपेक्षा उघड गरम असते. क्विक कपलर तर हमखास फसवतो. बाहेरून बसलेला दिसतो, आत कचऱ्यामुळे झडप पूर्ण उघडलेली नसते. परतीच्या लाइनवर असा कपलर असला की मागे दाब साठतो आणि मोटरांची सील फुटायला लागतात.

एक गोष्ट करू देऊ नका. रील मंद झाली की रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळायचा, हा मेकॅनिक मंडळींचा आवडता उद्योग. तासभर रील जोरात फिरते, मालक खूश होतो. नंतर सगळ्यात अशक्त होज फुटतो, नाहीतर मोटरचा शाफ्ट पिळवटतो. रिलीफचा दाब यंत्राच्या पुस्तिकेत दिलेला असतो. तो गेज लावून त्या आकड्यावरच ठेवायचा.

आता बॉटम ब्लेड लावायचं कसं. रील आणि बॉटम ब्लेड मिळून कात्रीसारखं काम करतात. १८३० मध्ये इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये एडविन बडिंगनं कापडगिरणीतलं लव कापायचं यंत्र बघून पहिलं लॉनमोअर बनवलं, तेव्हापासून हे तत्त्व तसंच आहे. दोन्ही धारा एकमेकींना जेमतेम शिवल्या पाहिजेत, दाबल्या नाही पाहिजेत. बोथट झालेली रील कापेना झाली की माळी ब्लेड अजून एक घर (ॲडजस्टरचा एक टप्पा) आवळतो. दुसऱ्या दिवशी कापते, तिसऱ्या दिवशी पुन्हा कापत नाही, पुन्हा एक घर. महिन्याभरात पाचही रील करकचून घासत असतात आणि खापर फुटतं पंपाच्या नावानं.

वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी घ्या, बॉटम ब्लेडला काटकोनात धरून आत सरकवा आणि रीलच्या शाफ्टच्या टोकाला पाना लावून रील हळू फिरवा. पात्यांना हात लावून फिरवू नका. रील एका टोकाला ढकलली की दुसऱ्या टोकाचं पातं त्याच क्षणी कापत असतं, बोटं अशीच जातात. कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे, फाटता किंवा दुमडता कामा नये. डावीकडे, मध्ये, उजवीकडे आणि प्रत्येक पात्यावर बघा. दोन्ही टोकांचे ॲडजस्टर आळीपाळीनं, एकेक घर फिरवा. एका टोकाचा पूर्ण बसवून मग दुसऱ्याकडे गेलात तर ब्लेड तिरकं बसतं. आधी रील हलवून बेअरिंगचा प्लेही बघा. रीलच वर-खाली होत असेल तर ब्लेड कितीही नीट लावा, चालू झाल्यावर फट बदलतेच.

जेमतेम शिवूनही कागद कापत नसेल तर धार गेलीय, लॅपिंग करा. रील उलटी फिरवत धारेवर घासणी पेस्ट लावायची. काही यंत्रांत त्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह असतो. नसेल तर हायड्रॉलिक मोटर काढून रीलच्या शाफ्टला लॅपिंगची इलेक्ट्रिक मोटर जोडतात. पेस्ट पाण्यात विरघळणारी घ्या. दुकानात इंजिनच्या व्हॉल्व्हची तेलकट पेस्ट पुढे करतील, ती धुऊन निघत नाही आणि पुढचे आठ दिवस पाती खात बसते. लांब दांड्याच्या ब्रशनं लावा, आवाज गुळगुळीत झाला की थांबा, भरपूर पाण्यानं धुवा, बॉटम ब्लेडच्या पुढच्या कडेला आलेली बारीक लव कानशीनं काढा आणि पुन्हा कागद. मात्र रील एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक झाली असेल, किंवा खिळ्या-दगडानं पात्याला खोल खाच पडली असेल, तर लॅपिंगनं काही होत नाही. रील ग्राइंडरवर चढवावीच लागते. मैदानावर टॉप ड्रेसिंगची (समतल करायला वरून पसरतात ती) वाळू टाकल्यावर ती गवतात पुरती मुरेपर्यंत चांगल्या धारेच्या रील आत नेऊ नका. वाळूइतकी धार दुसरं काहीच खात नाही.

तुमच्या डावीकडच्या मोटरची गळती. आधी मोटर आणि रीलच्या मधल्या शाफ्टवर काय गुंडाळलंय ते बघा. संक्रांतीनंतर मैदानात पडलेला मांजा तिथे जाऊन बसतो आणि सीलचं ओठ कापतो. बाउंड्रीच्या दोराचे धागेही तेच करतात. मांजा निघाला तर ब्लेडनं सोलून काढा, सील बदला, काम झालं. तसं काही नसेल तर मोटरची ड्रेन लाइन तपासा. ही बारीक नळी मोटरच्या आत झिरपलेलं तेल टाकीत परत नेते. ती चेपली किंवा तुंबली की तेलाला वाट उरत नाही आणि ते सीलमधून बाहेर येतं. नुसतं सील बदलून देणारा फिटर त्यामुळेच दोन महिन्यांनी पुन्हा येतो. ड्रेन नळी सोडून एक मिनिटात किती तेल येतं ते बाटलीत मोजता येतं. पाचही मोटरांचं मोजा, तेल तापलेलं असताना आणि सारख्याच लोडवर. चार सारख्या आणि एक कितीतरी जास्त भरली, तर ती मोटर आतून झिजलीय. पाचही जास्त असतील तर तेल चुकीचं किंवा फार पातळ आहे. मोटरला वेगळी ड्रेन लाइन नसेल तर आतलं तेल परतीच्या लाइनमध्येच जातं. मग कपलर आणि रिटर्न फिल्टर दुपटीनं काळजीपूर्वक बघा.

तेलाबद्दल. मराठवाडा-विदर्भात मे महिन्यात काम करायचं असेल तर ४६ पेक्षा ६८ नंबरचं तेल बरं पडतं, अर्थात पुस्तिकेत मनाई नसेल तर. कोकणात, पुण्यात ४६ पुरतं. काम करताना टाकीतलं तेल ८० अंशांच्या आत राहिलं पाहिजे. त्यापुढे सील कडक होतात आणि तेलाचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्म्यावर येतं. ट्रॅक्टरचं गिअरबॉक्सचं तेल ‘तेही तेलच’ म्हणून यात ओतू नका. तेल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, आणि बहुतेक वेळा ते टाकीच्या ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायच्या तोंडातून), प्रेशर वॉशर मारताना जातं. फेस दिसला तर सक्शनच्या बाजूला हवा शिरतेय. त्या होजचे क्लिप आवळून बघा.

नवीन ड्रममधलं तेल स्वच्छ असतं हा एक गोड समज आहे. तेल नेहमी फिल्टरच्या हातपंपानं भरा, नरसाळ्यात फडकं घालून नाही. फडक्याचे धागे पंपाच्या सक्शन जाळीवर जाऊन बसतात. कॉटन वेस्ट तर टाकीच्या आसपासही नको. रिटर्न फिल्टर सहसा १० मायक्रॉनचा असतो, माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा. यावरून कळेल की डोळ्यांना दिसणारा कचरा ही फार पुढची पायरी झाली. फिल्टर तुंबला तरी यंत्र बंद पडत नाही, आतला बायपास उघडतो आणि घाण तेल तसंच फिरत राहतं. म्हणून ‘चालतंय ना’ हा फिल्टरचा निकष होऊ शकत नाही.

होज पाइप बाजारातून बनवून आणता तेव्हा एक बघा. दुकानदार होज कटिंग व्हीलवर कापतो. रबराचा आणि तारेचा भुसा आतच राहतो, त्याच अवस्थेत फिटिंग क्रिंप करून (दाबून बसवून) तो तुमच्या हातात देतो. तो भुसा पहिल्याच मिनिटात मोटरमध्ये जातो. क्रिंप करण्याआधी आतून साफ करून घ्या आणि दोन्ही तोंडांना प्लास्टिकची टोपणं लावूनच आणा. कामाच्या दाबाप्रमाणे दोन तारजाळ्यांचाच होज मागा. चालू यंत्रावर गळती हातानं चाचपायची नाही. सुईएवढ्या भोकातून निघणारं तेल कातडीतून आत शिरतं, वरून ठिपक्याएवढी जखम दिसते आणि काही तासांत बोट गमवायची वेळ येते. पुठ्ठा धरून बघा. तेल टोचलं असेल तर दुखत नसलं तरी सरळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि ‘हाय प्रेशर तेल टोचलंय’ असंच सांगा. होज सोडण्यापूर्वी युनिट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर पुढे-मागे हलवून दाब काढून टाका.

ग्रीसिंगचं फार सांगत नाही. पीटीओच्या क्रॉसला (शाफ्टच्या सांध्याला) आणि रोलरच्या बेअरिंगांना रोज काम संपल्यावर, यंत्र गरम असताना. जुनं ग्रीस बाहेर दिसलं की थांबा, जास्तीचं पुसा, ते मैदानावर पडलं तर गवत जळतं. पीटीओच्या शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून फेकलं असेल तर नवं आणा. धोतर, ओढणी, सैल शर्ट यांना फिरता शाफ्ट सोडत नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. पीटीओच्या फेऱ्या, मग गेजची दोन वाचनं, ब्लेड, कपलर, फिल्टर, कूलर. एवढं करून सकाळी अर्धा-पाऊण तास गवत कापा आणि रीलच्या फेऱ्या सुरुवातीला आणि शेवटी मोजा. फरक थोडाच राहिला तर पंपाचा विषय बंद. पाती लांब असताना दाब कमी, रिलीफ थंड, ड्रेनचं तेल सारखं, आणि तरीही फेऱ्या पडतात, असं झालं तर पंप खरंच झिजलाय. तेव्हा बदला, पण टाकी धुऊन, सक्शनची जाळी साफ करून आणि नवा फिल्टर घालून, नाहीतर जुन्या पंपाचा चुरा नव्याला वर्षभरातच संपवेल.

मोठी सर्व्हिसिंग मे महिन्यात उरका. पाऊस लागला की हरळी इतकी वाढते की यंत्र दोन दिवस उभं ठेवायचीही सोय नसते, आणि त्याच काळात बाजारात सुटे भाग मिळत नाहीत. निदान एक बॉटम ब्लेड स्क्रूसकट, एक रीलचा बेअरिंग-सील सेट, दोन रिटर्न फिल्टर, मोटरच्या शाफ्टची दोन सील आणि सर्वांत लांब होजच्या मापाचा एक तयार होज कपाटात हवा. सीलचा नंबर जुन्या सीलवरून वाचून आधीच लिहून ठेवा, ग्रीस लागल्यावर तो दिसत नाही.